फळा, पेटी आणि गळा : ग्वाल्हेरच्या संगीत-वर्गाची गोष्ट

ग्वाल्हेरबाहेरचा पाहुणा आला की आम्ही त्याला किल्ला दाखवतो, जयविलास दाखवतो आणि मग हजिऱ्याला नेतो. हजीरा म्हणजे बाजाराची गर्दी आणि शेजारच्या बिर्लानगरात जुन्या जे. सी. मिलच्या आठवणी. याच गजबजाटात मोहम्मद गौस यांचा जाळीदार मकबरा आहे आणि त्याच आवारात तानसेनाची साधीशी समाधी. समाधीजवळच्या चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो, असे गाणारी मंडळी पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत. मूळ झाड गेले, त्या जागी दुसरे आले, तरी पाने खुडणारे हात थांबले नाहीत.

या चिंचेकडे आम्ही जरा वेगळ्या नजरेने पाहतो. विद्या लवकर यावी, थोड्या कष्टात यावी, त्यासाठी काही साधन हाताशी असावे, ही माणसाची जुनी इच्छा आहे. चिंचेचे पान हे त्या इच्छेचे सर्वांत निरागस रूप. पुढे फळा आला, छापील पुस्तक आले, पेटी आली, तबकडी आली, रेडिओ आला आणि आता मोबाइल. ‘शिक्षणात तंत्रज्ञान’ हा शब्दप्रयोग आज शाळाशाळांतून ऐकू येतो. पण नवे साधन वर्गात आणले की काय मिळते आणि काय निसटते, याचा अनुभव आपल्या गावाने संगीताच्या वर्गात शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. यंदाच्या स्मरणिकेत तीच गोष्ट मांडावी असे वाटले.

कानाची शाळा

साधने येण्यापूर्वी शिक्षण कसे होत असे? केवळ कानाने. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या बंधूंची आख्यायिका आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ यांच्या तानबाजीचा दबदबा होता. ते आपली विद्या सहजासहजी कुणाला देणारे नव्हते. तेव्हा या दोघा मुलांना आडोशाला बसवून त्यांचे गाणे ऐकवले गेले आणि पुढे त्यांनी ती गायकी भर दरबारात उभी करून दाखवली, असे सांगतात. कथेतला तपशील खरा-खोटा कसाही असो, तिच्यातून त्या काळची पद्धत कळते. विद्या एका गळ्यात असे आणि ती दुसऱ्या कानाने टिपायची असे. मध्ये कागद नव्हता.

ही विद्या मराठी घरांत आली तीही अशीच. वासुदेवबुवा जोशी ग्वाल्हेरच्या या परंपरेत शिकले. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ही गायकी घेऊन महाराष्ट्रात गेले. मिरजेला त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. इकडे निसार हुसेन खाँ शंकरराव पंडितांच्या घरी राहिले आणि त्यांनी पंडितांना भरभरून विद्या दिली. सावंतवाडीकडून निघालेले रामकृष्णबुवा वझे खाँसाहेबांकडे शिकायला म्हणून थेट ग्वाल्हेरला पोहोचले. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकायचे, अशी ती रीत होती.

या रीतीतून मोठे गवई तयार झाले हे खरे. पण ज्याला घर सोडता येत नाही, ज्याला दिवसभर नोकरी आहे, त्याच्यासाठी हे दार बंदच होते. आणि घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या मुलीचा तर प्रश्नच येत नसे. शिवाय गुरू गेला की त्याच्या न शिकवलेल्या बंदिशीही त्याच्याबरोबर जात.

फळ्यावर आलेले स्वर

हे दार उघडण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, आणि मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपीही तयार केली. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. त्यांनी आपली स्वरलेखनपद्धती बसवली आणि पुस्तके छापण्यासाठी छापखानाही घातला. संगीताच्या शाळेला छापखाना लागतो हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

आपल्या ग्वाल्हेरला मात्र मुख्य बदल घडवला तो पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने. भातखंडे मुंबईचे, शिक्षणाने वकील. देशभर फिरून, उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्यांनी त्या लिहून काढल्या. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर माधवराव महाराज शिंदे यांनी ग्वाल्हेरमध्ये संगीताची शाळा काढायचे ठरवले आणि जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले.

भातखंड्यांची स्वरलिपी आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या वहीत आजही सापडेल. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार सप्तकातल्या स्वरावर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. अक्षर लांबवायचे असेल तर अवग्रह. तीनतालातली बंदीश असेल तर सोळा मात्रांची सोळा घरे, आणि प्रत्येक घरात वर स्वर, खाली शब्द. चिन्हे इतकी थोडी की मास्तरांनी खडूने फळ्यावर लिहावीत आणि वीस मुलांनी एकदम वाचावीत. एका गळ्यातून एका कानात जाणारी विद्या आता एका फळ्यावरून वीस वह्यांत जाऊ लागली.

या सगळ्यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. शाळा उघडण्याच्या आधी महाराजांनी ग्वाल्हेरच्या काही गायकांना भातखंड्यांकडे मुंबईला शिकायला पाठवले. राजाभैया पूछवाले त्यांत होते. त्यांचा जन्म १८८२ चा, म्हणजे तेव्हा वय पस्तिशीचे. शंकरराव पंडितांची तालीम मिळालेला, गळ्यात घराण्याची गायकी मुरलेला हा माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बसला आणि रेघा-टिंबांची लिपी शिकला. परत येऊन त्यांनी आयुष्यभर शिकवले, पुढे महाविद्यालयाचे प्रमुखपद सांभाळले, ‘तानमालिके’सारखी पुस्तके लिहिली. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्वाल्हेरची शाळा टिकली याचे श्रेय लिपीला जेवढे, त्याहून अधिक या क्रमाला आहे, असे आम्हाला वाटते. साधन वर्गात आणण्याआधी ते शिक्षकाच्या हाती दिले गेले, आणि शिक्षक असे निवडले गेले की ज्यांना त्या साधनाविनाही उत्तम गाता येत होते.

भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग मूळ मराठीत निघाले. त्यांत दीड हजारांहून अधिक बंदिशी आहेत आणि ग्वाल्हेर परंपरेतल्याही अनेक आहेत. पुढे हाथरसहून या पुस्तकांच्या हिंदी आवृत्त्या निघाल्या आणि उत्तर हिंदुस्थानातल्या बहुतेक संगीत-वर्गांत त्या पोहोचल्या.

एकाच गावात दोन वाटा

हे सगळ्यांनाच पटले असे नाही. ज्या बंदिशी घराण्याने दागिन्यांसारख्या जपल्या त्या आठ-बारा आण्यांच्या पुस्तकात कुणीही वाचाव्यात, हे जुन्या गवयांच्या जिवावर येत होते. आणि त्यांचा आक्षेप केवळ मत्सराचा नव्हता. कागदावर ‘ग’ लिहिता येतो. पण त्या गंधाराकडे कुठून यायचे, त्याला कोणत्या स्वराचा कण लावायचा, मींड किती सावकाश घ्यायची, दरबारीतला गंधार किती झुलवायचा, हे रेघेत आणि टिंबात मावत नाही. पुस्तक पाहून गाणाऱ्याचा राग चुकत नाही, पण रंगतही नाही, असे ते म्हणत.

आपल्या गावाचे भाग्य असे की इथे दोन्ही वाटा शेजारी शेजारी चालल्या. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्येच, म्हणजे माधव संगीत महाविद्यालयाच्याही आधी, आपला विद्यालय काढला होता. वडिलांच्या निधनानंतर त्याला शंकर गांधर्व महाविद्यालय हे नाव मिळाले. तिथे घराण्याची तालीम गळ्यातून गळ्यात देण्यावर भर होता. पण कृष्णरावांनीही वर्ग भरवले, संगीतावर पुस्तके लिहिली, म्हणजे नव्या काळाकडे पाठ फिरवली नाही. एका वाटेने संगीत घराघरांत नेले, दुसरीने ते खोल ठेवले. दोहोंपैकी एकच असती तर ग्वाल्हेर आज जसे आहे तसे राहिले नसते.

पेटी, तबकडी, रेडिओ

पुस्तकाच्या आगेमागेच पेटी आली. मूळची परदेशी हार्मोनियम मैफलीत मानाने बसवली ती ग्वाल्हेरच्याच भैयासाहेब गणपतरावांनी. ते जियाजीराव महाराजांचे पुत्र. ठुमरीच्या अंगाने पेटी कशी बोलते ते त्यांनी हिंदुस्थानला दाखवले. वर्गात पेटीचा फायदा उघड होता: एका पट्टीत सगळा वर्ग धरून ठेवता येतो, आणि नवशिक्याला स्वर बोटाखाली सापडतो. पण पेटीला मींड येत नाही. शिवाय तिचे स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा लागतो. रोज पेटीवरच गळा घासला तर कानाला तोच चढा गंधार खरा वाटू लागतो. अशाच आक्षेपांमुळे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षे चालली. त्या काळातही घरोघरच्या वर्गांतली पेटी कुणी हलवली नाही. बंदी घालणारेही आपल्या जागी बरोबर होते आणि वाजवणारेही. पेटी बाराखडी शिकवायला चांगली, पुढचे वाचन तानपुऱ्यावर करायचे, एवढे कळले की भांडण मिटते.

तबकडीचेही तसेच. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि गळा प्रथमच गाणाऱ्यापासून वेगळा झाला. हस्सू-हद्दूंना आडोशाला बसून जे ऐकावे लागले ते आता पैसे मोजून विकत मिळू लागले. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजणाऱ्या त्या तबकड्या ऐकून कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांचे गाणे हुबेहूब गात. लोक थक्क होत. पण ते कुमार गंधर्व झाले ते मुंबईला बा. र. देवधरांच्या शाळेत. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य, म्हणजे आपल्याच परंपरेतले. तबकडीने नक्कल दिली, आणि ती बाजूला ठेवून विचार करायला गुरूने शिकवले.

आता मोबाइल

१९७०-८० च्या दशकांत बंगळूरला इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला. आज तोच मोबाइलमध्ये फुकट मिळतो. तबल्याचा ठेका हव्या त्या लयीत सुरू करता येतो. एखादी तान पट्टी न बदलता निम्म्या गतीने ऐकता येते. आपला स्वर कुठे घसरतो ते पडद्यावर रेघ काढून दिसते. २०२० च्या टाळेबंदीत तर सगळे वर्गच मोबाइलवर गेले, आणि सर्वांना एक गोष्ट उमगली: आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही. गुरूच्या आवाजात आवाज मिसळून शिकणे, म्हणजे कानाच्या शाळेचा गाभाच, तेवढा त्यातून गळला.

तरीही आम्ही या साधनाला नावे ठेवणार नाही. आपली मुले पुण्यात, बंगळूरला, अमेरिकेत आहेत. ग्वाल्हेरच्या गुरूशी त्यांचा धागा टिकला आहे तो याच्याच जोरावर. रियाझाला तानपुरा मोबाइलचा असो. पण आठवड्यातून एकदा तरी खऱ्या तानपुऱ्याच्या तारा जुळवून पाहाव्यात, कारण जुळवताना कान तयार होतो आणि ते काम यंत्र आपल्यासाठी करून टाकते. तालीम ध्वनिमुद्रित जरूर करावी. पण आधी एकदा वहीशिवाय, फोनशिवाय ऐकावी. आणि कोणते साधन केव्हा वापरायचे हे ठरवणे शिक्षकाकडे ठेवावे, १९१८ मध्ये ठेवले तसे.

२००८ मध्ये राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने आपल्या शहरात संगीत व कला विद्यापीठ झाले. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला. डिसेंबर २०२४ मध्ये तानसेन समारोहाचे शंभरावे वर्ष साजरे झाले. ज्या समारोहाचा आरंभ आजही समाधीपाशी ढोलीबुवा मठाच्या हरिकथेने आणि मिलादने होतो, तो आपलाही उत्सव आहे. पण मान आणि समारोह हे गाणाऱ्या घरांवर उभे असतात. घरे मुकी झाली तर मंच कितीही झगमगले तरी काय उपयोग?

म्हणून शेवटी एक घरगुती मागणे. गेली काही वर्षे आपल्याही घरांत गणपतीची आरती स्पीकरवर लावून आपण टाळ्या वाजवतो. आवाज सुरेल असतो, शब्द चुकत नाहीत. पण त्यात मुलाचा गळा कुठे असतो? यंदा दहा दिवस आरती आपण म्हणू या. पट्टी धरायला हवी तर पेटी घ्या, मोबाइलचा तानपुरा लावा, शब्दांसाठी छापील पुस्तक हाती घ्या. साधने सगळी वापरा. गाणे मात्र आपले असू द्या. बेसूर झाले तरी चालेल. शेजारी बसलेली आजी ते सुधारील, आणि ग्वाल्हेरमध्ये गाणे याच वाटेने पुढे गेले आहे.