प्लेगचे हुकूम आणि अत्यावश्यक माणसे

मार्च २०२० मध्ये इस्राएल सरकारने कामाच्या ठिकाणी किती कामगारांनी हजर राहावे याविषयी आणीबाणीचे नियम जारी केले, आणि ‘हियूनी’ हा हिब्रू शब्द आपल्या घराघरांत रोजच्या बोलण्यात आला. सामान्य कारखान्यांना प्रथम ३० टक्के, आणि पुढे त्याहूनही कमी माणसांवर काम चालवावयाचे होते. ‘हियूनी’ ठरलेल्यांना मात्र या बंधनातून सूट होती. त्याच दिवसांत ठाण्या-मुंबईत राहिलेल्या आपल्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना ‘अत्यावश्यक सेवा’ हे शब्द कानी पडत. दोहोंचा अर्थ एकच, ज्यावाचून चालत नाही ते. परंतु चालत नाही म्हणजे कोणाचे, आणि हे ठरविणार कोण? या प्रश्नाची पहिली झटापट आपल्या वाडवडिलांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या मोहल्ल्याच्या वेशीवर झाली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. ए. जी. व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आल्याचे जाहीर केले. यहुदी पंचांगाप्रमाणे ते सुक्कोथचे दिवस होते. मांडवी म्हणजे बंदरालगतची दाट वस्ती. खाली धान्याची वखार आणि वर माणसांनी खचाखच भरलेल्या खोल्या. या मांडवीला लागूनच सॅम्युएल स्ट्रीट व इस्राएल मोहल्ला. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली स्थापिलेल्या शाअर हारहमीम सिनेगॉगला त्याच वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती. शताब्दीच्या वर्षी शेजारच्या गल्लीत प्लेग उभा राहिला.

म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांच्या हाती त्या वेळी साथीचा असा स्वतंत्र कायदा नव्हता. १८८८च्या मुंबई म्युनिसिपल कायद्याचा आधार घेऊन त्यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी एक हुकूम काढला. संशयित घरात शिरणे, ते धुऊन निर्जंतुक करणे, आणि रोग्याला, लागल्यास सक्तीनेही, इस्पितळात नेऊन वेगळे ठेवणे हे अधिकार त्याने पालिकेस मिळाले. इस्पितळ या शब्दाचा त्या काळच्या मुंबईकराच्या मनातील अर्थ आज आपल्याला कळणे कठीण आहे. तेथे गेलेला माणूस परत येत नाही, तेथे जातपात व सोवळेओवळे राहत नाही, मेल्यावर देह घरच्यांच्या हाती मिळत नाही, असा सार्वत्रिक समज होता. आणि प्लेगचे बहुतेक रोगी दगावत असल्यामुळे तो खोडून काढणे सोपे नव्हते. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला.

तथापि स्नो साहेबांची झोप खरोखर उडविली ती गिरणी कामगारांनी नव्हे. मुंबईची मैलासफाई हाताने होत असे. हलालखोर व झाडूवाले ही माणसे पहाटे गल्लीबोळांत शिरत, टोपल्या उचलीत, गटारे साफ करीत, आणि शहर जागे होण्यापूर्वी दिसेनाशी होत. सक्तीच्या इस्पितळाची धास्ती त्यांनाही इतरांइतकीच होती, आणि शहर सोडण्याची भाषा त्यांच्यातही सुरू झाली. ही माणसे गेली तर मुंबई राहण्याच्या लायकीची उरणार नाही, हे कमिशनरांनी ओळखले आणि पुढे आपल्या अहवालात तसे लिहूनही ठेवले. ३० ऑक्टोबर रोजी सक्तीच्या हुकमाची धार काढून घेण्यात आली. घरी वेगळे ठेवण्याची सोय नसेल तरच रोग्याला हलवावे, असे ठरले.

ज्यांच्या सावलीपासून उच्चवर्णीय दूर सरकत, त्यांच्या जाण्याच्या भयाने सरकारी हुकूम चोवीस दिवसांत नरमला! आज ज्याला आपण अत्यावश्यक सेवेची यादी म्हणतो ती त्या ऑक्टोबरात कोणी कागदावर लिहिली नव्हती, पण तिच्यातले पहिले नाव कोणाचे असावे याविषयी पालिकेच्या मनात संदेह उरला नव्हता. एवढे असूनही या कामगारांची वस्ती, मजुरी वा मान यांत त्यामुळे काही सुधारणा झाली नाही. स्नो यांनी निदान खरे कारण लिहून ठेवले. पुष्कळ अधिकारी अशा माघारीला जनभावनेचा आदर असे गोंडस नाव देतात.

झाडूवाले थांबले, तरी बाकीचे शहर थांबले नाही. फेब्रुवारी १८९७ पर्यंत सुमारे ३ लाख ८० हजार लोक मुंबई सोडून गेले. १८९१च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाखांवर होती, म्हणजे जवळपास निम्मे शहर रिकामे झाले. कोकणच्या बोटी आणि घाटावर जाणाऱ्या गाड्या भरून वाहू लागल्या. गिरण्यांना माणसे मिळेनात. महिन्याचा पगार मागाहून देणारे मालक रोजची मजुरी रोज हातावर ठेवू लागले, आणि कामगारांसाठी रस्त्याच्या नाक्यावर चढाओढीने बोली लागू लागली. गिरणी बंद ठेवावी असे कोणा मालकास वाटले नाही. कामगाराने गावी पळू नये, एवढीच चिंता.

धान्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. वखारी बंद करता येणे शक्यच नव्हते. शहराने खावयाचे काय? तेव्हा घरांची कौले काढून ऊन आत घेतले गेले, भिंतींना चुना लागला, गटारांत समुद्राचे पाणी व कार्बोलिक सोडले गेले, अंथरुणे जाळली गेली, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगविली गेली. आणि ज्या उंदरांच्या पिसवांतून रोग पसरत होता ते उंदीर त्याच वखारींत पोत्यांवर सुखाने नांदत राहिले. पॉल-लुई सिमॉन या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत पिसवांचा धागा पकडला, पण तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तोवर नियमांचा सारा रोख माणसावर होता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यास साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा, मांडल्यापासून आठवडाभरात मंजूर झालेला. सरकारला योग्य वाटेल तो नियम करावा, तो मोडणाऱ्यास दंडसंहितेच्या १८८व्या कलमान्वये शिक्षा व्हावी, आणि अंमल करणाऱ्यावर मात्र सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल दावा चालू नये. ज्याचे दुकान बंद पडेल वा ज्याची गादी जाळली जाईल, त्याच्यासाठी या कायद्यात अक्षर नाही. पुण्यात रँड साहेबांनी या अधिकारांचा गोऱ्या सोजिरांकरवी कसा वापर केला आणि २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याचा कसा शेवट केला, ते शाळेतील पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचले आहे. मुंबईत जनरल गेटॅकर यांच्या प्लेग कमिटीने त्या मानाने सबुरीने घेतले, तरी ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका रोग्याला हलविण्यावरून दंगा उसळलाच.

आपला समाज या सर्वात कोठे होता? बेने इस्राएल माणसे रेल्वेत, टपालात, पोलिसांत, पलटणीत आणि इस्पितळांत नोकरीला होती. म्हणजे गावी नौगाव-अलिबागकडे घर असले तरी सर्वांनीच ते जवळ करावे अशी त्यांची स्थिती नव्हती. रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली तेव्हा गाड्या चालविणारे खातेही तेच आणि नातलगांना अडविणारेही तेच. त्यातून मृतदेहाच्या तपासणीचा नियम तर सर्वच समाजांना झोंबणारा होता. तहारा करून शक्य तितक्या लवकर माती द्यावी हा आपला धर्म. दाखल्यासाठी देह खोळंबून राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

याच काळात आपल्याच धर्माचा एक माणूस भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशा जागेत प्लेगची लस तयार करीत होता. ओडेसा येथे जन्मलेल्या वाल्डेमार हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली व मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली. पुढे टोचून घेतलेल्यांस विलगीकरणाच्या जाचातून सवलत देण्याचे धोरण निघाले. इस्राएलमध्ये २१ फेब्रुवारी २०२१ पासून ‘ताव यारोक’, म्हणजे हिरवा दाखला, दाखवून आपण व्यायामशाळांत व नाट्यगृहांत शिरू लागलो तेव्हा ती कल्पना अगदी नवी आहे असे सर्वांना वाटले. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि त्याचा ठपका हाफकीन यांच्यावर आला. तो धुऊन निघण्यास १९०७ साल उजाडावे लागले.

चार कलमांचा तो कायदा मात्र मेला नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच बाहेर काढला. इकडे इस्राएलच्या आरोग्य खात्याने विलगीकरणाचे पहिले हुकूम काढले ते १९४०च्या लोक-आरोग्य अध्यादेशाखाली, म्हणजे ब्रिटिश मॅंडेटच्याच वारशातून. एकाच कारखान्यातील दोन हत्यारे, असे म्हणावयास हरकत नाही. पेसाहच्या आदल्या रात्री, ८ एप्रिल २०२० रोजी, सेदेरसाठी कोणी कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून संचारबंदी होती. सिनेगॉग बंद होते. कोरोनाने गेलेल्यांची तहारा संरक्षक पोशाख घालून होत होती. तेथील कामगारही ‘हियूनी’च होते, पण त्यांची नावे फारशी कोठे छापून आली नाहीत.

मुंबईत ३० मार्च २०२० रोजी म्युनिसिपल कमिशनरांनी एक परिपत्रक काढले. कोरोनाने मृत झालेल्या कोणत्याही धर्माच्या व्यक्तीचे दहनच करावे, आणि दफनाचाच आग्रह असेल तर देह शहराच्या हद्दीबाहेर न्यावा, असा त्याचा आशय होता. मुसलमान व ख्रिस्ती समाजांइतकाच तो मुंबईत उरलेल्या मूठभर बेने इस्राएल कुटुंबांनाही लागू होता. ओरड झाली, आणि त्याच दिवशी दुरुस्ती निघाली: जेथे दफनभूमी पुरेशी मोठी असेल तेथे माती देण्यास मोकळीक. वांद्र्याच्या काही रहिवाशांनी या मोकळिकीविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. २२ मे २०२० रोजी न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले आणि दफन चालू राहिले.