लगाम, ट्राम आणि आभासी रस्ता

१/ १३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना स्फोट झाला आणि लोखंडी पहार फिनियस गेजच्या गालातून शिरून कवटीबाहेर पडली. तो वाचला. त्याच्या पालटलेल्या स्वभावाची कथा प्रसिद्ध आहे. पुढे चिलीमध्ये त्याने अनेक वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

२/ मेंदूला इजा झालेला माणूस पुन्हा गाडी चालवू शकेल का, हे ओळखावे कसे? डोळे आणि हातपाय शाबूत असूनही अवधान ढळू शकते. समोरचे जनावर, मागचा भोंगा आणि बाजूने येणारी दुचाकी यांची एकाच वेळी दखल घेणे हे मेंदूचे काम असते.

३/ अवधान मोजण्याचा एक आरंभीचा प्रयत्न हार्वर्डच्या ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी केला. ट्रामचालकांच्या तपासणीसाठी रस्त्याची छोटी प्रतिकृती त्यांनी नाकारली. खेळण्यातला रस्ता मनात खरी सावधगिरी जागवत नाही, असे त्यांचे मत होते. त्याऐवजी त्यांनी कार्डांवर आकडे मांडले: १ म्हणजे पादचारी, २ म्हणजे घोडा, ३ म्हणजे मोटार. रुळांवर कोण येऊन धडकेल, हे चालकाने झटपट ओळखायचे. १९१३ च्या ग्रंथात त्यांनी हे प्रयोग मांडले.

४/ १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा दृश्यपडदा सादर केला. पुढे २००१ मध्ये मारिया शुल्थाइस आणि रोनाल्ड मूरंट यांनी वाहनचालनाच्या तपासणीसाठी आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा, पुरस्कार केला. आभासी रस्त्यावर अचानक मूल धावून आले, तरी कोणाच्या जिवाला धोका नसतो. ब्रेक किती उशिरा दाबला, गाडी मार्गिकेतून किती भरकटली, हे अचूक नोंदवता येते. मात्र म्युन्स्टरबर्ग यांची शंका आजही कायम आहे: आभासी रस्त्यावरची सावधगिरी खऱ्या रस्त्यावर टिकेल का?

५/ भारतातील १९८९ च्या मोटार वाहन नियमांचा नमुना १ अर्जदाराला अपस्मार, भोवळ, हातपाय, रंगांधळेपणा यांविषयी विचारतो. २५ मीटरवरील गाडीचा क्रमांक वाचता येतो का, हेही विचारतो. अवधानासाठी त्यात स्वतंत्र प्रश्न नाही.

६/ १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी प्रवासी सेवा सुरू केली, तेव्हा आजचा परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. आज याच जिल्ह्यातील बोरीसारख्या गावात ट्रॅक्टर किंवा जीप चालवणे हा अनेकांच्या पोटापाण्याचा भाग आहे. अपघातातून उठलेल्या चालकाला घाईने परवानगी दिली, तर इतरांचा जीव धोक्यात येतो. विनाकारण रोखले, तर त्याच्या घरची चूल अडते. म्हणूनच आभासी चाचणीला वैद्यकीय तपासणीची आणि खऱ्या रस्त्यावर, जाणकाराच्या देखरेखीखाली घेतलेल्या परीक्षेची जोड लागते.