शाळेची टाकी आणि ‘शुद्ध’ पाणी

जुलैत आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतली सहा पोरं एकापाठोपाठ काविळीनं पडली. त्यात माझी पुतणीही होती. ती बरी झाली, पण शाळेत जायचं म्हटलं की घरून पाण्याची बाटली आठवणीनं मागायला लागली. म्हणून एक दिवस आम्ही चार पालक शाळेत गेलो आणि शिडी लावून टाकीवर चढलो. झाकण फुटलेलं. तळाला चार बोटं गाळ, वर पालापाचोळा आणि पारव्याची पिसं. कावीळ त्याच पाण्यातून आली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते पाणी बघितल्यावर कुणाच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

मुख्याध्यापक भले माणूस. खाली उभे राहून म्हणाले, “दोन शिक्षक, चार वर्ग. आपल्या शाळेला शिपायाचं पदच नाही. टाकी कोण धुणार, दादा?”

शिपाई नाही. हे दोन शब्द ऐकले आणि मला सव्वाशे वर्षांपूर्वीची एक शाळा आठवली.

साताऱ्याची शाळा. तिथं भीमराव नावाचा एक मुलगा वर्गाच्या कोपऱ्यात घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा. शाळेत पाण्याचा नळ होता. बाकीच्या मुलांनी मास्तरांना विचारायचं, नळ सोडायचा, पाणी प्यायचं. भीमरावाला मास्तरांची परवानगी पुरायची नाही. नळाला त्याचा हात लागता कामा नये, म्हणून नळ सोडायला शिपाई लागायचा. शिपाई त्या दिवशी नसला, तर पोरानं तहानेलंच राहायचं. पुढं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे स्वतःच लिहून ठेवलंय.

त्या शाळेत पाणी होतं, नळ होता, तो सोडायला माणूसही होता. तरी एका मुलासाठी पाणी नव्हतं. आपल्याकडं शाळेतल्या पाण्याचा इतिहास हा असा सुरू होतो. पाण्यात काय आहे हे कुणी विचारत नव्हतं. हात कुणाचा लागला, एवढंच विचारलं जायचं.

हे मोडायला किती वर्षं लागली बघा. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पण तो एका माणसाचा स्वतःचा हौद होता. सरकारी पाण्याची गोष्ट त्यानंतर पंचावन्न वर्षांनी आली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असं तो सांगत होता. आणि त्याच यादीत सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने होते. पाणवठा आणि शाळा एकाच ठरावात! बोल्यांना ठाऊक होतं, की पाणी बंद तर शाळेचं दारही अर्धं बंदच.

ठराव झाला. सरकारनं खात्यांना हुकूम पाठवले. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठरावही केला. पण प्रत्यक्षात तळ्यावर पाणी भरायला जायची सोय नव्हती. कागद एकीकडं आणि तळं दुसरीकडं. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. तेव्हा कुठं त्या ठरावात जीव आला.

त्यानंतर जे झालं ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतं. आधी परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. मग तळं ‘बाटलं’ म्हणून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याच्या घागरी तळ्यात ओतून. जरा विचार करा. माणसांनी ओंजळभर पाणी प्यायलं तर ते अशुद्ध, आणि शेण ओतलं की शुद्ध! आपल्या समाजानं ‘शुद्ध पाणी’ या शब्दाचा अर्थ किती पिढ्या उलटा लावला, हे सांगायला याहून मोठा पुरावा नको. नगरपालिकेनंही ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागं घेतला. खटला चालला तो थेट १७ मार्च १९३७ पर्यंत. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला. एका तळ्यासाठी दहा वर्षं.

१९५० साली राज्यघटना लागू झाली आणि सरकारी पैशातल्या विहिरी, तलावांवर भेदभाव करायला बंदी आली. पहिला प्रश्न निदान कायद्यात सुटला. हात कुणाचाही चालेल. पण दुसरा प्रश्न राहूनच गेला : पाण्यात काय आहे?

त्याचाही कायदा आला, पण फार उशिरा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलंय, की शाळेत सर्व मुलांसाठी सुरक्षित आणि पुरेसं पिण्याचं पाणी हवं. नुसतं पाणी नाही, सुरक्षित पाणी. ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं, की पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं शाळांत सहा महिन्यांत द्या. २ ऑक्टोबर २०२० पासून जल जीवन मिशननं शाळा आणि अंगणवाड्यांना नळ द्यायची शंभर दिवसांची मोहीम काढली. आमच्या शाळेलाही नळ आला. भिंतीवर ‘हर घर जल’ रंगवलंय.

आणि त्या भिंतीच्या वर ती टाकी.

हवेचंही तसंच. टाकीवरून उतरलो तर व्हरांड्यात चूल पेटलेली, गॅस संपलेला. दुसरीच्या वर्गात धूर, पोरं डोळे चोळत पाढे म्हणतायत. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं शाळेत शिजवलेलं अन्न आलं, ही फार मोठी गोष्ट झाली. पण आहार शिजवायला स्वयंपाकघर हवं, हे त्याच शिक्षणहक्काच्या परिशिष्टात लिहिलंय. ते कुणी वाचायचं?

मला एवढंच कळलं : साताऱ्याच्या पोरासाठी शिपाई अडसर होता. आपल्या पोरांसाठी ‘शिपाई नाही’ ही सबब झाली. दोन्ही वेळा पाण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी होती. ठराव झाला म्हणून महाडचं तळं खुलं झालं नाही, माणसं चालत गेली म्हणून झालं. टाकीचंही तसंच आहे. आणि हो, टाकी धुवायला पोरांना वर चढवू नका. ‘ठरावीक’ घरातल्या पोरांना तर अजिबात नाही. ती जुनी सवय अजून मेलेली नाही.

आम्ही काय केलं? एका रविवारी टाकी रिकामी करून घासली, झाकण बसवलं, जाळी लावली. जलसुरक्षकाला बोलावून टीसीएलचं प्रमाण विचारलं आणि शाळेच्या नळावर ओटी टेस्ट करून घेतली. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की ते पिवळं झालं पाहिजे. रंग आला नाही, तर क्लोरीन पोचलेलंच नाही. आमचं पहिल्यांदा आलं नाही. दुसऱ्या खेपेला आलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या वहीत आता दर सोमवारी तारीख आणि रंग लिहितो. सह्या पालकांच्या. चुलीचा प्रश्न ग्रामसभेत मांडलाय, अजून सुटलेला नाही. सुटला की इथंच लिहीन.

तुमच्या गावच्या शाळेची टाकी शेवटची कधी धुतली? माहीत नसेल तर लाजू नका, आम्हालाही माहीत नव्हतं. उद्या जा, शिडी लावा, झाकण उघडून बघा. काय दिसलं ते खाली लिहा.