पॉप-अप (संलग्न विक्रीतील)

संकेतस्थळावरचा मजकूर वाचत असताना त्याच्यावर आपोआप उघडणारी जाहिरातीची चौकट. तिच्यातील दुव्यावरून वाचकाने वस्तू घेतली, खाते उघडले किंवा अर्ज भरला, की संकेतस्थळाच्या मालकाला विक्रेत्याकडून कमिशन मिळते. या पद्धतीला संलग्न विपणन म्हणतात. व्यवसायातली मंडळी ‘अफिलिएट’ म्हणतात.

इतिहास : 1997 च्या सुमारास ट्रायपॉड या अमेरिकी संकेतस्थळावर इथन झुकरमन यांनी पॉप-अपची आज्ञावली लिहिली. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकल्याने कंपनी नाराज झाली होती. जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडली, तर तिचा त्या मजकुराशी संबंध जोडला जाणार नाही, हा हेतू होता. 2014 मध्ये झुकरमन यांनी लेख लिहून जाहीर माफी मागितली. अ‍ॅमेझॉनची संलग्न योजना 1996 ची. दोन्ही गोष्टी पुढे एकत्र आल्या. मायक्रोसॉफ्टने 2004 मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमधून पॉप-अप रोखण्याची सोय दिली. तेव्हा चौकट स्वतंत्र खिडकी सोडून पानाच्या आतच उघडू लागली आणि ती सोय अपुरी पडली. मोबाइलवर मजकूर झाकणारी पाने शोधनिकालात खाली ढकलण्याचे धोरण गूगलने 10 जानेवारी 2017 पासून लागू केले.

कार्यपद्धती : दुव्यात मालकाचा ओळखक्रमांक असतो. दुवा दाबल्यावर वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी नोंद साठते आणि ठरलेल्या मुदतीत झालेली खरेदी त्या क्रमांकाच्या खाती जमा होते. अ‍ॅमेझॉनची सर्वसाधारण मुदत 24 तासांची आहे. वाचकाने दुवा न दाबताच कुकी घुसवणे ही फसवणूक होय. ईबेच्या योजनेतील अशा प्रकरणात अमेरिकेत 2014 मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

मराठी वाचक आणि चौकट : गूगलची अ‍ॅडसेन्स ही जाहिरातसेवा मराठी मजकुरासाठी 2018 मध्ये खुली झाली. नोकरभरती, सरकारी योजना आणि शेतमालाचे भाव या विषयांवरील मराठी पानांवर चौकट विशेष आढळते. साखरखेर्ड्याच्या (ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा) शेतकऱ्याने मोबाइलवर सोयाबीनचा भाव शोधला, तर भावाचा तक्ता दिसण्याआधी कर्जाची किंवा डीमॅट खात्याची चौकट पडदा व्यापू शकते. ती बंद करण्याची फुली कोपऱ्यात, फिक्या रंगात आणि बोटाच्या टोकाहून लहान असते. नेम चुकला की दुवा दाबला जातो. नकाराचे बटण असलेच, तर त्यावर ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ अशा धाटणीचे वाक्य असते.

चौकटीमागचे कमिशनही वाचकाला दिसत नाही. बाजार समितीत अडत हिशेबपट्टीवर मांडलेली असते, त्यामुळे कोणी किती घेतले हे दिसते. संलग्न कमिशन मात्र विक्रेता देतो आणि वस्तूची किंमत बहुधा तीच राहते, म्हणून ते वाचकाच्या नजरेला येत नाही. नुकसान किमतीपेक्षा निवडीत होते : जिथे कमिशन जास्त, त्या कंपनीचे नाव चौकटीत येण्याकडे कल राहतो आणि वाचक ती शिफारस समजतो.

परिणामकारकता : विक्रीवाढीचे आकडे मुख्यतः चौकटी बनवण्याची साधने विकणाऱ्या कंपन्याच प्रसिद्ध करतात, ते येथे घेतलेले नाहीत.

कायदा : मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेने (1985) 2021 मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांना आर्थिक हितसंबंध उघड करण्याचे बंधन घातले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 9 जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीच अपेक्षा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत, पुन्हा गुन्हा केल्यास 50 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 30 नोव्हेंबर 2023 च्या तत्त्वांत 13 फसव्या रचना नोंदल्या असून नकार देणाऱ्याला लाजवणे, खोटी घाई, सतत पिच्छा पुरवणे आणि वेषांतर केलेली जाहिरात हे त्यांतील चार प्रकार या चौकटीत वारंवार दिसतात. जाहिरातीतील दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत अस्वीकृतीची सूचना हवी, असे 2022 ची तत्त्वे सांगतात. संलग्न दुव्याच्या खुलाशाला हा नियम तंतोतंत लागू होतो की नाही, यावर मतभेद संभवतो. तथापि मराठी पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत दिलेला खुलासा ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो चौकटीतच, दुव्याशेजारी आणि मराठीत असला पाहिजे.

करकपात : भारतीय कंपन्या कमिशनवर उगमस्थानी करकपात करतात, 1 ऑक्टोबर 2024 पासून तिचा दर 5 वरून 2 टक्क्यांवर आला.