पाटी त्याची, दुकान माझं

 सिडनीच्या पेंडल हिल उपनगरातून मी फराळाची वेबसाइट चालवते. दिवाळीआधी लॉगमध्ये एक अनोळखी डोमेन दिसलं. उघडलं तर माझ्याच चकल्या! कुणीतरी आपल्या डीएनएसमध्ये माझ्या सर्व्हरचा आयपी लिहिला होता. त्याला माझी परवानगी लागतच नाही.

हे पूर्वीपासूनच असं आहे. 1986पासून डॉट एयूची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या डोमेनची, नावं मेलबर्न विद्यापीठातले रॉबर्ट एल्झ पाहायचे. पण नाव कुठल्या सर्व्हरकडे वळवायचं, हे तेव्हाही मालकच ठरवायचा.

इलाज 1997च्या एचटीटीपी 1.1मध्ये आहे: प्रत्येक विनंतीत 'होस्ट'चं नाव सक्तीचं झालं. ज्या विनंतीत माझं नाव नसेल, तिला आता माझा सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. कुणी आपल्या डोमेनवरून माझ्या पत्त्यावर रीडायरेक्ट केलं, तर मात्र होस्ट माझाच दिसतो. तिथे हा इलाज चालत नाही. अनोळखी नावांना उत्तर देणारा तुमच्या सर्व्हरचा डीफॉल्ट होस्ट आजच तपासा.