कुत्रा कुणाचा?

पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, हा नेम ग्वाल्हेरच्या कितीतरी घरांत आजही पाळला जातो. महाराज बाड्यावर रात्री दुकानं बंद झाली की पायऱ्यांवर कुत्र्यांचं राज्य सुरू होतं. कुणी त्यांना बिस्किटं टाकतं, कुणी हातात काठी घेऊनच तिथून जातं. त्यातलं एखादं कुणाला चावलं की सगळे विचारतात, कुत्रा कुणाचा? उत्तर बहुधा मिळत नाही. हा प्रश्न काही आजचा नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कुत्र्यांवरूनच मुंबई शहर दोन दिवस पेटलं होतं, आणि त्यातून जे काम उभं राहिलं त्यात एका जैन शेठजींचा मोठा वाटा होता.

गोष्ट १८३२ची. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची, असा नियम इंग्रज सरकारने मुंबईत १८१३पासून लावला होता. त्यामागची भीती खोटी नव्हती. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर तेव्हा औषधच नव्हतं, माणूस तडफडून जायचा. पण १८३२ साली मारण्याची मुदत वाढवली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं. मग काय व्हायचं ते झालं. मोकाट कोणतं आणि पाळीव कोणतं, हे बघायला पैशाच्या लोभात कुणाला सवड? लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीसुद्धा ओढून मारली जाऊ लागली.

पारशी समाजाला हे सहन होणं शक्य नव्हतं. त्यांच्यात कुत्रा पवित्र. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला ते सगदीद म्हणतात. ६ जूनला कोटात पारशांच्या जमावाने पोलीस शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, गोऱ्या सैनिकांची रसद अडली. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमानही होते. शेवटी फौज आली, धरपकड झाली. मग सगळ्या समाजांच्या पुढाऱ्यांनी मिळून अर्ज केला की कुत्री मारू नका, शहराबाहेर न्या. सरकारने ते मानलं.

इथे गोष्ट संपली असती तर ती नुसती दंग्याची गोष्ट झाली असती. पण शहराबाहेर नेलेल्या जनावराला खायला कोण घालणार? आजारी पडलं तर कोण बघणार? १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. मोतीचंद म्हणजे आपले मोतीशा शेठ. पालिताण्याची यात्रा केलेल्या बायकांनी शत्रुंजयावरची मोतीशाची टूंक पाहिली असेलच. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लाग बसवून या कामाला पैसा लावला. 'मारू नका' म्हणणाऱ्यांनी 'मग आम्ही सांभाळतो' असंही म्हटलं, आणि रोजचा खर्च उचलला. मला या इतिहासात मोठं वाटतं ते हे.

पुढे १८८५मध्ये पॅरिसला लुई पाश्चरने लस शोधली. आपल्या देशात १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. तिथेच डेव्हिड सेम्पलने जी लस बनवली, तीच ती पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं. आपल्या पिढीला ती चांगली आठवतात. पण ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, हे किती जणींना ठाऊक आहे? कुत्र्याकडे माणसाने लक्ष दिलं नाही, आणि जीव गेला मेंढीचा. २००५च्या सुमारास ती लस आपल्याकडे बंद झाली. आता दंडात थोडीच इंजेक्शनं घ्यावी लागतात.

जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार ऐकवला, ही कथा आपण नातवंडांना सांगतो. पण अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार जरा कुत्रा डोळ्यांपुढे ठेवून वाचा. बंध, वध, छेद, अतिभार, अन्नपाननिरोध. दिवसभर साखळीला जखडणं म्हणजे बंध. काठीने मारणं म्हणजे वध. रुबाबासाठी डॉबरमनची शेपूट नि कान कापणं हा छेद. वेळेवर खायला-प्यायला न देणं हा पाचवा. आणि नेमक्या याच गोष्टींनी कुत्रं चावरं होतं. बांधलेलं, मार खाल्लेलं, भुकेलेलं, घाबरलेलं कुत्रं अंगावर येतं. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात पैशासाठी कुत्री-मांजरं पोसण्याचा धंदासुद्धा श्रावकाला वर्ज्य सांगितला आहे. आजच्या पिल्लांच्या बाजाराकडे बघितलं की त्याचं कारण कळतं.

कायदाही मालकाकडेच बोट दाखवतो. आपलं जनावर कुणाच्या जिवावर उठेल अशी हयगय करणं १८६०च्या दंडसंहितेत गुन्हा होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९१ प्रमाणे त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोकाट कुत्र्यांचा वाद मात्र अजून १८३२सारखाच चालू आहे. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी कुत्री उचलायला सांगितली, लोक रस्त्यावर आले. २२ तारखेला आदेश बदलला. नसबंदी नि लसीकरण करून कुत्री आपापल्या जागी सोडा, पिसाळलेली आणि चावरी सोडू नका, खायला ठरलेल्या जागीच घाला.

मैत्रिणींनो, मोठी पांजरापोळ आपण बांधू शकणार नाही. पण घरात कुत्रं असेल तर दरवर्षी लस, बाहेर नेताना पट्टा, आणि पाहुणे लेकरं आली तर स्वतःचं लक्ष, एवढं आपल्याच हातात आहे. 'आमचा काही करत नाही हो' हे वाक्य लस नव्हे. गल्लीतल्या कुत्र्याला रोज पोळी घालत असाल तर त्याची नसबंदी नि लस झाली आहे का, हेही नगर निगमात विचारा. आणि कुणाला चावलंच, तर हळद-तिखट भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मोतीशा शेठांना ती कुत्री कुणाची असं कुणी विचारलं असतं, तर त्यांना उत्तर देता आलं असतं. ज्याला आपण रोज पोळी घालतो, त्याच्याबद्दल आपल्यालाही देता यायला हवं.