सौरमालेबाहेरचे पाहुणे : आंतरतारकीय वस्तू येतात कुठून आणि ओळखायच्या कशा?

२०२५ च्या दिवाळीच्या आसपास '३आय/अ‍ॅटलास' हे नाव व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच फिरलं. कुणी त्याला परग्रहावरचं यान म्हणालं, कुणी पृथ्वीवर आदळणार म्हणालं. प्रत्यक्षात तो धूमकेतू आहे आणि पृथ्वीच्या सगळ्यात जवळ (१९ डिसेंबर २०२५) असतानाही तो सुमारे २७ कोटी किमी लांब होता. मग त्यात विशेष काय? तो आपल्या सूर्याचा नाही, हेच विशेष.

आत्तापर्यंत सापडलेले तीन

- १आय/ओमुआमुआ : ऑक्टोबर २०१७, हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बीण. उत्केंद्रता १.२
- २आय/बोरिसोव्ह : ऑगस्ट २०१९, हौशी खगोलनिरीक्षक गेनादी बोरिसोव्ह. उत्केंद्रता ३.४
- ३आय/अ‍ॅटलास : १ जुलै २०२५, चिलीतील अ‍ॅटलास दुर्बीण. उत्केंद्रता ६.१

उत्केंद्रता म्हणजे काय?

कक्षेचा आकार सांगणारा हा आकडा. शून्य म्हणजे वर्तुळ, शून्य ते एक म्हणजे लंबवर्तुळ. एकाच्या पुढे गेलं की कक्षा बंद होत नाही, ती अपास्त होते. वस्तू एकदा येते, सूर्याभोवती वळते आणि कायमची निघून जाते. आपल्याच काही धूमकेतूंना गुरूचा धक्का बसून हा आकडा एकाच्या किंचित वर जातो. पण ६.१ इतका आकडा अशा धक्क्याने येत नाही.

वेगाचं गणित

सूर्यापासून खूप लांब असताना अ‍ॅटलासचा वेग सेकंदाला सुमारे ५८ किमी होता. २९ ऑक्टोबरला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या १.३६ पट अंतरावर होता. तिथून सूर्याच्या पकडीतून सुटायला सेकंदाला ३६ किमी वेग लागतो. या दोन वेगांची सरळ बेरीज होत नाही, कारण बेरीज ऊर्जेची होते आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ५८ चा वर्ग अधिक ३६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ : सुमारे ६८. या वेगाने फलटण ते पुणे हे ११० किमी अंतर दोन सेकंदांच्या आत पार होईल! बाहेर जाताना हा वाढलेला वेग पुन्हा कमी होतो आणि शिल्लक राहतात तेच ५८.

त्या येतात कुठून?

ताऱ्याभोवती ग्रह तयार होताना बर्फाचे आणि खडकांचे असंख्य तुकडे उरतात. एखादा मोठा ग्रह त्यांना गुरुत्वाकर्षणाने बाहेर भिरकावतो. गुरूने व्हॉयेजर यानांना जसा वेग दिला, तसाच हा प्रकार. आपल्या सूर्यमालेनेही असे तुकडे बाहेर टाकलेले असणार.

मग नेमका तारा कोणता? ते सांगणं अवघड आहे. ओमुआमुआ अभिजित ताऱ्याच्या दिशेकडून आला. पण त्या वेगाने अभिजितपासून इथे यायला सुमारे तीन लाख वर्षं लागतात आणि तेव्हा अभिजित त्या जागी नव्हताच. सूर्य स्वतःही साधारण त्याच दिशेने चाललाय. गाडी चालवताना पावसाचे थेंब पुढच्या काचेवर जास्त आपटतात, तसंच काहीसं.

शोधतात कसे?

एकाच आकाशाचे फोटो पुन्हा पुन्हा घ्यायचे, तारे वजा करायचे आणि सरकणारा ठिपका शोधायचा. ऑगस्ट २०२० मध्ये आयआयटी मुंबईच्या कुणाल देशमुख आणि कृती शर्मा या विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियातील झेडटीएफ दुर्बिणीच्या फोटोंतून '२०२० क्यूजी' हा छोटा लघुग्रह शोधला. तो पृथ्वीपासून जेमतेम २,९५० किमीवरून गेला होता. तो आपल्याच सूर्यमालेतला, पण पद्धत तीच. याच झेडटीएफच्या जुन्या फोटोंत बोरिसोव्ह डिसेंबर २०१८ पासून सापडला, म्हणजे शोध लागायच्या आठ महिने आधी! जुन्या नोंदी मिळाल्या की कक्षा जास्त अचूक काढता येते.

यातून मिळतं काय?

दुसऱ्या ताऱ्याजवळचा कच्चा माल, तोही घरपोच. जेम्स वेब दुर्बिणीला अ‍ॅटलासभोवती पाण्याच्या वाफेपेक्षा कार्बन डायऑक्साइड कितीतरी जास्त दिसला. आपल्या धूमकेतूंमध्ये सहसा असं नसतं. पण संधी काही महिन्यांचीच असते. गेलेला पाहुणा परत येत नाही.

पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी दोनच आकडे बघा : उत्केंद्रता किती आणि पृथ्वीपासूनचं किमान अंतर किती. नासाच्या जेपीएलच्या वेबसाइटवर दोन्ही फुकट मिळतात.